गॅरेजची चौथी बाजू

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात माजी सचिवांनी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ संपादन केलं आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



पंचवीस वर्षांतलं काहीतरी सांगा, पंधरा मिनिटं बोला, असं सचिवांनी मला फर्मावलं. आता गणपतीच्या आठवणी अध्यक्ष सांगणार, पाण्याच्या टाकीची कथा खजिनदार सांगणार, बागेबद्दल महिला मंडळ बोलणार. माझ्या वाट्याला उरलं काय? मी म्हटलं, मी गॅरेजच्या दारांवर बोलतो. सचिव हसले. म्हणाले, "काका, आनंदाचा प्रसंग आहे, दुसरं काही बघा ना." पण मी हट्ट सोडला नाही. या सोसायटीत मी नऊ वर्षं सचिव होतो. सोसायटी म्हणजे काय, हे मला उपविधींच्या पुस्तकानं शिकवलं नाही, एका गॅरेजच्या दारानं शिकवलं. त्यात माझी चूक होती, आणि ती आज सगळ्यांसमोर सांगून टाकायची असं ठरवून आलोय.

नव्यानं राहायला आलेल्यांसाठी आधी थोडं चित्र उभं करतो. आपल्या मागच्या अंगाला अकरा गॅरेजं आहेत, एका ओळीत. समोर अंतर्गत रस्ता, त्याच्या पलीकडे जांभ्याच्या चिऱ्यांची कंपाउंड वॉल. २००० साली ताबा मिळाला तेव्हा अकराही गॅरेजांना एकसारखी हिरवी रोलिंग शटर होती. दिसायला छान. पण रत्नागिरीची हवा तुम्हाला माहीत आहे. समुद्राचा खारा वारा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पावसाचे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. इथे लोखंड म्हातारं होत नाही, थेट मरतं. दहाएक वर्षांत शटरांच्या खालच्या पट्ट्या चाळणीसारख्या झाल्या.

२०११ च्या एप्रिलमध्ये आपल्या एका सभासदांनी कमिटीला अर्ज दिला. ते निवृत्त शिक्षक. आपण सगळे त्यांना सर म्हणतो, मीही सरच म्हणेन. ते आज पहिल्या रांगेत बसलेत आणि हे सगळं सांगायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. लेखी नाही, पण घेतली आहे! (हशा) सरांकडे गाडी नव्हती. गॅरेजमध्ये त्यांची पुस्तकं होती, खोक्यांत भरलेली, फळ्यांवर रचलेली. चाळीस वर्षांची नोकरी आणि चाळीस वर्षांची पुस्तकं. अर्जात त्यांनी लिहिलं होतं की शटर खालून गेलं आहे, आगोटीच्या आधी बदलायचं आहे, कोणत्या प्रकारचं दार बसवलेलं सोसायटीला चालेल ते कृपया कळवावं. पाच ओळींचा अर्ज. मी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, सही केली आणि फाइलला लावला.

एप्रिलच्या मीटिंगला कोरम झाला नाही. मे महिन्यात अर्धी कमिटी आंब्यासाठी गावी. आंब्याच्या दिवसांत कोरम होत नाही, हा रत्नागिरीतला अलिखित उपविधी आहे. सरांनी दुसरा अर्ज दिला, शिक्का मारला. मग एक दिवस जिन्यात भेटले, म्हणाले, "मिरग तोंडावर आलाय हो, काय झालं माझ्या दाराचं?" मी म्हटलं, "बघू."

बघू. मराठी माणसाचा सगळ्यात सोयीचा शब्द. त्यात हो नाही, नाही नाही. बोलणारा सुटतो आणि ऐकणारा लटकतो.

पाऊस लागला. जूनच्या शेवटी तिसरा अर्ज आला, त्यावर पण शिक्का. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री अशी झड बसली की रस्त्यावरचं पाणी शटरखालून आत शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजली. सकाळी सर आणि मॅडम दोघं मिळून ती जिन्यात पसरत होते. मी तिथून ऑफिसला गेलो. छत्री उघडली आणि खाली बघत गेलो.

त्याच आठवड्यात सरांनी फॅब्रिकेटरला बोलावलं आणि दार बसवून घेतलं. दोन पल्ल्यांचं, जाड लोखंडी पत्र्याचं, बाहेर उघडणारं. त्या कारागिराकडे तयार होतं, स्वस्त पडलं, दोन दिवसांत लागलं. आता कमिटी जागी झाली बघा! तीन महिने कोरम होत नव्हता, तो दोन दिवसांत झाला. "विनापरवानगी फेरबदल" म्हणून नोटीस निघाली. खाली सही माझी.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी सरांच्या दाराचा एक पल्ला रस्त्यावर उघडा होता आणि बी विंगमधला एक मुलगा सायकलवरून वळणावर आला. पल्ल्याची कड भुवईला लागली. तीन टाके. डोळा थोडक्यात वाचला. (तो मुलगा आज इंजिनियर आहे, पुण्याहून खास आला आहे, मागे आइस्क्रीमच्या टेबलाजवळ उभा आहे.) त्याचे आईवडील संतापले, ते बरोबरच होतं. सर खचले, तेही बरोबरच होतं. सोसायटीत दोन तट पडले. दिवाळीचा फराळ दोन ताटांत वाटला जाईल, अशी अवस्था.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा. सर उभे राहिले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी तीन कागद टेबलावर ठेवले, आपल्याच शिक्क्याचे. म्हणाले, "शिक्का तुमचा, सही तुमची, तारीख तुमची. उत्तर कुठाय?" मग त्या मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "दार बाहेर उघडतं, रस्त्यावर येतं, कुणाला तरी लागेल, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी ते बसवलंच नसतं. मी तेच तर विचारत होतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्या क्षणी मला परवानगीचा अर्थ कळला. तोवर मला वाटायचं, परवानगी म्हणजे कमिटीचा अधिकार. नाही हो. आपण दार आतून बघतो. आपलं सामान, आपलं कुलूप, आपला खर्च. परवानगी म्हणजे ते दार लागण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते बाहेरून बघणं: रस्त्यावरून, सायकलवरून, शेजाऱ्याच्या खिडकीतून. ते बघण्याचं काम आमचं होतं. आम्ही ते केलं नाही, म्हणून पुस्तकंही भिजली आणि भुवईही फुटली.

त्यानंतर मी कायदा नीट वाचायला घेतला. वकील नाही मी, पण जे समजलं ते सोपं करून सांगतो.

पहिला प्रश्न, गॅरेज म्हणजे काय? आपल्या महाराष्ट्रात १९६३ चा मोफा कायदा आहे, त्यात फ्लॅटच्या व्याख्येतच गॅरेजचा समावेश केलेला आहे. मग बिल्डर लोकांनी काय केलं, इमारतीखाली खांबांमधली जी मोकळी जागा असते, स्टिल्ट म्हणतो आपण, तीही गॅरेज म्हणून विकायला सुरुवात केली. मुंबईत दहिसरच्या पांचाली सोसायटीचा असा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१० ला न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती पटनाईक यांच्या पीठानं निकाल दिला की स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ती जागा सामाईक आहे, आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्यात तर गॅरेजची व्याख्याच दिली आहे: गाडी ठेवण्यासाठीची, छप्पर असलेली आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा.

तीन बाजूंना! मी ते वाचलं आणि स्वतःशीच हसलो. छप्पर सांगितलं, तीन भिंती सांगितल्या. चौथी बाजू, म्हणजे आपलं दार, ती व्याख्येनं मोकळीच ठेवली. आणि आमची सगळी भांडणं त्या चौथ्या बाजूचीच. कारण तीन भिंतींच्या आत जे आहे ते सभासदाचं; चौथी बाजू मात्र सगळ्यांच्या रस्त्यावर उघडते.

दुसरा प्रश्न, खर्च कुणाचा? आदर्श उपविधींत यादीच दिली आहे. अंतर्गत रस्ते, कंपाउंड वॉल, पाण्याच्या टाक्या, बाहेरच्या पाइपलाइन, जिने, गच्ची, बाहेरच्या भिंती, ही सगळी दुरुस्ती सोसायटीनं करायची. जे यादीत नाही ते सभासदानं स्वतःच्या खर्चानं. म्हणजे गॅरेजचं दार सभासदाच्या खिशातून. पण दारासमोरचा रस्ता आणि त्याचा उतार सोसायटीचा. सरांच्या गॅरेजमध्ये पाणी शिरलं त्यात गंजलेल्या शटरचा दोष निम्मा आणि रस्त्याच्या उलट्या उताराचा निम्मा. तो निम्मा आमचा होता, हे कबूल करायला आम्हाला आणखी एक पावसाळा लागला. आता तिथे जाळीचं गटार आहे, ते सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून झालं.

तिसरा प्रश्न, पैसे सभासदाचे तर विचारायचं कशाला? कारण इमारतीचं बाह्यरूप आणि जमीन संस्थेची. उपविधींप्रमाणे कमिटीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदनिकेत वाढीव काम किंवा फेरबदल करता येत नाहीत. शिवाय नगर परिषदेनं मंजूर केलेला नकाशा असतो. आहे त्या जागी दार बदलणं वेगळं, आणि भिंत पुढे घेणं, स्टिल्टला शटर लावून ती बंद खोली करणं, गॅरेजमध्ये दुकान थाटणं वेगळं. त्याला सोसायटीची परवानगी पुरत नाही, नियोजन प्राधिकरणाची लागते. नाहीतर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येते, आणि ती आमच्यासारखी मवाळ नसते.

हे प्रकरण फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथं त्याच्या वसाहतीत घरमालकांची असोसिएशन आहे. घर त्याचं, जमीन त्याची, तरी गॅरेजच्या दाराचा रंग बदलायला त्याला फॉर्म भरून, रंगाचा नमुना जोडून, डिझाइन पाहणाऱ्या समितीची मंजुरी घ्यावी लागली. मी त्याला विचारलं, "उत्तर किती दिवसांत आलं?" तो म्हणाला, "मामा, मुदत नियमातच लिहिलेली आहे." मी म्हटलं, बाबा रे, रंगाचं राहू दे, ती मुदत तेवढी पाठवून दे आमच्याकडे.

आणि खरं सांगायचं तर परक्या देशात जायलाच नको. आपण कोकणातली माणसं. गावाला दोन वाड्यांमध्ये गडगा असतो. गडगा माझ्या जागेत असला तरी त्याचं पाणी कुणाकडे उतरतं, कवाडी कुणाच्या वाटेवर उघडते, हे बघायला आपले आजे-पणजे शेजाऱ्याला हाक मारायचे. ज्यांनी मारली नाही त्यांची भांडणं कोर्टात तीन पिढ्या चालली. आपण फ्लॅटमध्ये राहायला आलो, गडगा गेला, पण हाक मारायची गरज गेली नाही.

तर सप्टेंबरच्या त्या सभेनंतर आम्ही एक पानाची नियमावली केली. मुद्दाम एक पान, दोन पानं झाली की कुणी वाचत नाही. पुढच्या सभेत ती एकमतानं मंजूर झाली. आजही ऑफिसच्या भिंतीवर आहे. त्यातले मुद्दे आणि त्यामागची कारणं थोडक्यात सांगतो, कारण नियम राहतो आणि कारण विसरलं जातं.

एक. जसं आहे तसंच दार दुरुस्त करायचं असेल, पट्टी बदलणं, स्प्रिंग बदलणं, त्याच रंगात रंगवणं, तर परवानगी नको. फक्त कळवायचं. गंज परवानगीची वाट बघत नाही.

दोन. दाराचा प्रकार बदलायचा असेल तर अर्ज. सोबत साधं रेखाचित्र आणि मापं. कमिटीनं एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. नकार असेल तर कारण लिहायचं, आणि काय केलं तर चालेल तेही लिहायचं. एकवीस दिवसांत उत्तर गेलं नाही तर सचिवानं पुढच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून का गेलं नाही ते सांगायचं. हे कलम मी स्वतः घातलं. त्याला पोरांनी नाव दिलं, "बघूबंदी".

तीन. कोणतंही दार रस्त्यावर उघडणार नाही. वर गुंडाळलं जाईल, बाजूला सरकेल किंवा आत उघडेल. याचं कारण आइस्क्रीमच्या टेबलाजवळ उभं आहे.

चार. दार भिंतीच्या रेषेतच. ओटा, पायरी, उतरंड काहीही रस्त्यावर येता कामा नये. पाणी अडवायला उंबरठा करायचा तर आतल्या बाजूला.

पाच. रंग तोच, हिरवा. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. शेवटी एका वहिनींनी तोडगा काढला की रंग एक, पण तो कोणता ते दर रंगकामाच्या वेळी सभेनं ठरवावं. म्हणून आपण २०१९ ला हिरव्याचे राखाडी झालो.

सहा. कमिटीतल्या सभासदाचा स्वतःचा अर्ज असेल तर निर्णयाच्या वेळी त्यानं बाहेर जाऊन बसायचं. या कलमाखाली पहिला बाहेर बसलेला माणूस मी. माझा अर्ज पहिल्या वेळी नामंजूर झाला, कारण मापं जोडली नव्हती.

आणि कुणी नियम मोडलाच तर दंडाची घाई करायची नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेपुढे म्हणणं मांडायची संधी. उपविधीही तेच सांगतात. सरांना आम्ही ती संधी आधी दिली नव्हती. त्यांनी स्वतः उभं राहून ती घेतली.

आता थोडं कामाचं. आपल्यापैकी पुष्कळांची दारं पुन्हा बदलायला आली आहेत, म्हणून अनुभवाचे चार बोल.

लोखंडी शटर घ्याल तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं घ्या. त्यावरचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण जिथं कापलं, भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं तिथला लेप जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. कारागीर जाण्याआधी त्या जागांवर जस्ताचा प्रायमर मारून घ्या. सगळ्यात आधी जातात ती बाजूची चॅनेल आणि तळाची पट्टी, कारण तिथं मीठ आणि चिखल साचतो. पावसाळा संपला की गोड्या पाण्यानं ती धुवा. एक बादली पाण्यानं दाराचं आयुष्य वाढतं. हे पटत नसेल तर मिऱ्या किंवा मांडवीच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा.

स्टीलचे स्क्रू, कडी-कोयंडे घ्याल तर विचारून घ्या, ३०४ की ३१६. दोन्ही दिसायला सारखेच. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. ॲल्युमिनियम हलकं, त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही; पण त्यात लोखंडी स्क्रू ठोकलात तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचं भांडण लागतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वायसर घाला. शेजाऱ्यांच्या भांडणात कमिटी जे काम करते तेच तो वायसर करतो.

शटरची स्प्रिंग स्वतः खोलायला जाऊ नका. वरच्या पाइपमध्ये ती पीळ देऊन बसवलेली असते. सुटली तर हात मोडेल. ते काम माहीतगार माणसाचंच.

मोटरचं शटर हवं असेल तर जरूर घ्या, ज्येष्ठांना वाकायला लागत नाही. पण हातानं उघडायची सोय असलेलंच घ्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. आपण थोडक्यात वाचलो, पण आपल्याच जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती! पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्या वेळी गाडी आत आणि दार बंद, असं व्हायला नको. आणि दार कसलंही असो, खाली आणि वर हवा खेळायला फटी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना तिथे वेल्डिंग करू देऊ नका. दाराचं काम असेल त्या दिवशी गाडी बाहेर काढा.

संपवत आणतो. बालगोपाळ चुळबुळ करायला लागलेत.

त्या सभेनंतर मी सरांच्या घरी गेलो. माफी मागितली. मॅडमनी चहा दिला, त्यावर काही बोलल्या नाहीत. सरांनी ते बाहेर उघडणारं दार स्वतःच्या खर्चानं काढून सरकतं दार बसवलं, आणि त्या मुलाच्या दवाखान्याचं बिल द्यायला गेले. मुलाच्या वडिलांनी ते घेतलं नाही. म्हणाले, "सर, त्यापेक्षा त्याला गणित शिकवा." दोन वर्षं शिकवलं सरांनी. इंजिनियर उगाच नाही झाला तो.

आणि भिजलेली पुस्तकं? बरीच गेली. बाकीची मॅडमनी गच्चीवर वाळवली. ऑक्टोबरच्या उन्हात पानं फुगली, कडा पिवळ्या पडल्या, काहींचे पुठ्ठे उकलले. पुढे सरांनी ती सोसायटीच्या ऑफिसला देऊन टाकली. आपली ऑफिसमधली छोटी लायब्ररी म्हणतो आपण, ती तिथून सुरू झाली. तुमच्यापैकी कितीतरी मुलांनी ती पुस्तकं सुट्टीत वाचली असतील. ती अशी फुगलेली का आहेत, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आज सांगितलं. माझ्या तीन शिक्क्यांमुळे आणि एका "बघू"मुळे.

नवीन कमिटीतल्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं. तुमच्याकडे अर्ज येतील, दाराचे, ग्रिलचे, इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचे. काही मान्य करता येतील, काही येणार नाहीत. नाही म्हणायला घाबरू नका. "नाही" ऐकून माणूस दुसरी वाट शोधतो. पण उत्तर द्या, वेळेत द्या, कागदावर द्या. आणि सभासदांनाही सांगतो, दार आपलं असलं तरी लावायच्या आधी एकदा रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि तिथून बघा.

सर, चौदा वर्षं उशिरा का होईना, तुमच्या एप्रिल २०११ च्या अर्जाचं लेखी उत्तर मी आणलंय. जावक क्रमांकासह. (टाळ्या) त्यात लिहिलंय: सरकतं दार चालेल.